मदत हवी आहे : मॉडेल टीच्या क्रँककेसचा कान पुन्हा तडकला

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, नाहीतर प्रश्न कळायचा नाही.

आजोबांची १९२५ ची फोर्ड मॉडेल टी आहे. उजव्या स्टिअरिंगची, कॅनडात बनलेली (तेव्हा आपल्याकडे बहुतेक तिथूनच यायच्या). वर्षभर खपून चालू केली. आता क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पेटीचा) उजवा कान, म्हणजे चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, टेकणारा आर्म, रिव्हेटांपाशी तडकलाय. दिवाळीआधीच वेल्डिंग केलं होतं. ३०० किलोमीटरही झाले नसतील, तर जुन्या टाक्याला लागून केसाएवढी नवी रेघ. आधी वाटलं ऑइलचा ओघळ असेल. फडक्यानं पुसलं, नख फिरवलं, तर नख अडकलं.

मिस्त्री म्हणतो, "फाउंडेशनला (इंजिन चासीवर टेकतं तिथे) रबर टाका, पुढे दोन्हीकडून ब्रॅकेट मारा आणि चार ठिकाणी आवळून टाका. हलायचं नाव घेणार नाही." हात चांगला आहे त्याचा, पण हे पटत नाही. फोर्डने इंजिन मुद्दाम तीनच ठिकाणी टेकवलं ना? पुढे मधोमध एक, मागे दोन कान. एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळवटते. पुढचा टेकू मध्यावर असल्यानं पीळ इंजिनापर्यंत पोचत नाही. त्याआधी चारही कोपरे पक्के बोल्ट केलेल्या गाड्यांत ओतीव क्रँककेसचे आर्म याच पिळानं तुटायचे.

मग तीन टेकू असूनही माझा कान का तुटतोय? आणि रबरात वाईट काय? प्लिमथने १९३१ मध्ये रबरावरचं इंजिन आणलंच की.

प्रतिसाद १
चार ठिकाणी अजिबात आवळू नका. आणि प्लिमथचं इंजिन नुसतं रबरावर ठेवलेलं नव्हतं. पुढचा टेकू उंच, मागचा खाली; दोन्हींना जोडणारी रेघ इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल असा हिशेब होता, आणि त्या रेघेभोवती ते डुलायचं. तुमच्या टीत मागच्या ॲक्सलचा सगळा रेटा टॉर्क ट्यूबच्या (ॲक्सलपासून गिअरबॉक्सपर्यंत येणाऱ्या, आत शाफ्ट असलेल्या नळीच्या) गोळ्यातून, म्हणजे बॉल जॉइंटमधून, थेट गिअरबॉक्सवर येतो. पुढच्या ॲक्सलच्या रॉडचा गोळाही क्रँककेसच्या बुडालाच. म्हणजे खड्डा कुठल्याही चाकाला लागो, मार खातात ते कानच. तिथे रबर दिलंत तर प्रत्येक दणक्याला इंजिन मागेपुढे सरकेल.
दोन गोष्टी बघा. पुढचा टेकू धरणारी कॅप गच्च आवळलीय का? तसं असेल तर टेकूला हलता येत नाही आणि पीळ कानांवर येतो. आणि कानाखाली, चासीच्या चॅनलमध्ये (पन्हळीसारख्या पोकळ पट्टीत) लाकडी ठोकळा आहे का? तो नसला तर बोल्ट आवळताना चॅनल चेपतं.

प्रतिसाद २
वेल्डिंगवर वेल्डिंग नको. क्रँककेस उतरवून दोन्ही कान एका पातळीत आहेत का ते पट्टी लावून पाहा. वाकडा कान ओढूनताणून बोल्टात बसवला असेल तर गाडी उभी असतानाही त्यावर ताण असतो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आज उघडलं. डावीकडे ठोकळा शाबूत आहे. उजवीकडे ठोकळ्याच्या जागी जुन्या टायरचा तुकडा कोंबलेला! पुढच्या कॅपचे नट इतके आवळलेले की पान्याला पाइप लावून सोडवावे लागले. मिस्त्री गप्प आहे. पट्टी लावली तर उजवा कान चांगला बोटभर खाली.
शिसवाचा ठोकळा सुताराला सांगितलाय. कान सरळ करून रिव्हेट गरम ठोकून देणारं कोल्हापूर-सांगलीकडे कुणी आहे का?