टक्केवारी मागणारा कॉल गुपचूप रेकॉर्ड केला, तर कोर्टात चालतो का?

सातरस्ता: सोलापूर महापालिकेतल्या रस्त्याच्या बिलासाठी समजा नगरसेवकानं ठेकेदाराकडं फोनवर टक्केवारी मागितली आणि ठेकेदारानं न सांगता कॉल रेकॉर्ड केला. बोलणं आपल्याकडचं, म्हणजे मराठी-कन्नड-तेलुगू सरमिसळ. पुरावा धरतात, की रेकॉर्ड करणाराच अडकतो?

काळाकोट: बोलणाऱ्यांपैकीच एकानं रेकॉर्ड केलं असेल तर पुरावा धरतात. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७३) वाचा. मुंबईच्या कोरोनरची (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचेची मागणी एका बाजूच्या संमतीनं टेप केली होती, सुप्रीम कोर्टानं ती मानली. भलत्याच दोघांचा फोन टॅप करणं मात्र गुन्हा आहे. दूरसंचार कायदा २०२३, कलम ४२: तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पंचनामा: 'चोरून' या मुद्द्यावर केस फारशी पडत नाही, पडते ती कागदावर. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात (२०२०) सुप्रीम कोर्टानं इलेक्ट्रॉनिक प्रतीला प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. आता भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ६३(४): प्रमाणपत्राचा भाग 'अ' फोन ज्याच्याकडं आहे त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा डिजिटल ठसा. फाइल कापू नका, नाव बदलू नका. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत म्हणजे मूळ फाइल नव्हे. तिची तारीख, कधी फॉरमॅटही बदलतो, मग हॅश जुळत नाही. मूळ फोन जपा, विकू नका, रीसेट तर नकोच.

सातरस्ता: आवाज माझा नाहीच म्हणाला तर? आणि कन्नडचं काय?

पंचनामा: मॅजिस्ट्रेट आवाजाचा नमुना द्यायला लावू शकतात (रितेश सिन्हा निकाल, २०१९, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३४९). रेकॉर्डिंगचा लेखी उतारा बोललं तसाच, कन्नड वाक्य कन्नडच. मराठी भाषांतर वेगळ्या कागदावर. 'ते बघून घ्या की' याचं 'लाच द्या' असं भाषांतर केलंत, की बचावाच्या वकिलाला आयतंच कोलीत.

काळाकोट: पैसे अजून दिले नसतील तर क्लिप व्हायरल करू नका, समोरचा सावध होतो. १०६४ वर लाचलुचपत विभागाला कळवा. ते पंचांसमोर, स्वतःच्या रेकॉर्डरवर मागणीची पडताळणी करतात, मग सापळा. तुमच्या क्लिपपेक्षा ते रेकॉर्डिंग जड पडतं. नाइलाजानं पैसे देऊन बसला असाल, तर सात दिवसांत तक्रार द्या, नाहीतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ खाली देणाराही आरोपी.