हुडिनी रंगमंचावर अजिंक्य, मग पडद्यावर का चालला नाही?

मध्यंतर:
अमेरिकी जादूगार हॅरी हुडिनी याच्या चित्रपटांबद्दल जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. १९१८च्या सुमारास त्याने ‘द मास्टर मिस्ट्री’ ही १५ भागांची मालिका केली. मग ‘द ग्रिम गेम’ (१९१९) आणि ‘टेरर आयलंड’ (१९२०). त्यानंतर स्वतःची निर्मितीसंस्था काढून ‘द मॅन फ्रॉम बियॉन्ड’ (१९२२) आणि ‘हॉल्डेन ऑफ द सीक्रेट सर्व्हिस’ (१९२३). तिथेच गाडी थांबली. बेड्या, पेट्या, पाण्याची टाकी यांतून सुटणाऱ्या माणसाला पाहायला थिएटरं भरून वाहत होती. मग तोच माणूस पडद्यावर का टिकला नाही? निव्वळ अभिनय कच्चा म्हणून? आणि स्ट्रेटजॅकेट (हात अंगाशी आवळून बांधणारं जाड कापडाचं जॅकेट) व दुधाचा कॅन यांतून सुटण्याचे प्रयोग प्रत्यक्षात कसे चालत, तेही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

कुलूपकिल्ली:
आधी प्रयोग समजून घ्या, म्हणजे चित्रपटांचं उत्तर आपोआप सापडेल.

स्ट्रेटजॅकेटमध्ये चोरकप्पा वगैरे काही नसतो. सगळा खेळ ढील मिळवण्याचा. जॅकेट चढवताना छाती फुगवायची, खांदे ताठ ठेवायचे आणि हातांची घडी घालताना जोरकस हात वर राहील हे बघायचं. पट्टे आवळले जात असताना त्या हाताच्या मुठीत कॅनव्हासची चुणी पकडून ठेवली की तेवढंच कापड पुढे मोकळं मिळतं. मग श्वास सोडायचा, कोपर एखाद्या टणक जागी टेकवून ढील खांद्याकडे ढकलायची आणि तो हात डोक्यावरून पुढे आणायचा. सगळ्यात अवघड पायरी हीच. हात पुढे आला की बाह्यांच्या टोकाचं बक्कल दातांनी सोडवायचं. पाठीवरची बक्कलं मात्र बाहीच्या आतूनच, जाड कापडावरून बोटांनी चाचपत काढावी लागतात. पायांमधला पट्टा असेल तर तो शेवटी. दर वेळी खांदा निखळवावा लागतो ही लोकप्रिय समजूत आहे; ढील नीट कमावली असेल तर त्याची गरज पडत नाही. घडी उलटी पडली, म्हणजे कमजोर हात वर राहिला, तर मात्र सगळं अडतं. इमारतीवरून उलटं लटकून हे करताना हात डोक्यापलीकडे न्यायला उलट सोपं जातं. त्रास होतो तो घोट्यांना आणि डोक्यात उतरणाऱ्या रक्ताने.

सुरुवातीला हुडिनी हे रंगमंचावर पडद्याआड करायचा. त्याचा भाऊ हार्डीन याच्या लक्षात आलं की लोकांना धडपड दिसली तर परिणाम कितीतरी वाढतो. तेव्हापासून सगळं उघड्यावर.

दुधाच्या कॅनचं (१९०८) तंत्र अगदी निराळं. कॅन पाण्याने काठोकाठ भरलेला, हुडिनी आत, झाकणाला सहा कुलपं आणि प्रेक्षकांतली माणसं येऊन ती तपासणार. गोम कुलपांत नव्हतीच. कॅनच्या गळ्याजवळचे रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) दिखाऊ. आतून जोर लावला की गळ्याचा भाग झाकण-कुलपांसकट उचलला जायचा. बाहेर येऊन तो परत बसवला की कुलपं जशीच्या तशी! पण इथे पत्र्याचा आकार बिघडून चालत नाही. प्रवासात कॅन चेपला तर गळा अडकतो. रॉयडन जेनेस्टा हा जादूगार १९३० साली केंटकीत अशाच पोचा आलेल्या कॅनमध्ये अडकून जिवाला मुकला. कॅन पाण्याने भरण्याआधी गळा सरकतो की नाही हे दर प्रयोगाला पाहिलंच पाहिजे.

हुडिनीची खरी करामत याच्याही पुढची होती. आत उतरण्यापूर्वी तो प्रेक्षकांना म्हणायचा, माझ्याबरोबर तुम्हीही श्वास रोखा. पाऊण मिनिटात बहुतेकांनी श्वास सोडलेला असायचा आणि तो अजून आतच. मग प्रेक्षकांनी कॅनपुढच्या पडद्याकडे बघत बसायचं. त्या प्रत्येक सेकंदाचं तिकीट लोक घेत होते.

रीळ:
कुलूपकिल्ली यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. पडद्यावर दोन गोष्टी गेल्या: तपासणारी माणसं आणि खरा वेळ. कात्री लागलेल्या फिल्ममध्ये माणूस बेड्यांतून सुटला, तर तो खरंच सुटला याची खात्री कोणी द्यायची? तेच नायकाचं सुटणं कुठलाही नट करू शकतो.

‘द ग्रिम गेम’मधलं विमानाचं दृश्य पाहा. एका विमानातून दोराने दुसऱ्या विमानात उतरायचं, असं ठरलं होतं. कॅलिफोर्नियात चित्रीकरणाच्या वेळी दोन्ही विमानं खरोखर धडकली, कॅमेरा चालू होता, सुदैवाने सगळे बचावले. कथा बदलून ती धडक चित्रपटात घेतली. पण दोरावर हुडिनी नव्हता, रॉबर्ट केनेडी नावाचा वैमानिक होता. जाहिरात मात्र हुडिनीच्या नावाने झाली. रंगमंचावर ज्याच्या अंगाला प्रेक्षक हात लावून बघायचे, त्याच्या जागी इथे दुसराच माणूस! माझ्या मते त्याच्या कलेचा पायाच इथे निघून गेला.

अभिनयही बेताचाच. मारामारीत आणि सुटकेत तो जिवंत वाटतो, प्रेमप्रसंगांत अवघडतो. शिवाय पैसा फिल्म धुण्याच्या धंद्यातही अडकवलेला, आणि तो बुडाला.

मध्यंतर:
मग जादूगार आणि सिनेमा यांचं जमतच नाही म्हणायचं?

नेपथ्य:
तसं नाही. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस पाहा. तोही रंगमंचावरचा जादूगार, आणि स्वतःच्या चित्रपटांत नटही. १८८८ साली त्याने पॅरिसमधलं रोबेर-उदँ थिएटर विकत घेतलं. हुडिनीने आपलं नाव घेतलं ते याच रोबेर-उदँ नावाच्या फ्रेंच जादूगारावरून. पण मेलिएसने रंगमंचावरचा चमत्कार कॅमेऱ्यासमोर नुसता उभा केला नाही, कॅमेऱ्यालाच चमत्कार करायला लावला. कॅमेरा थांबवायचा, बाईला बाजूला करायचं, पुन्हा सुरू करायचा: बाई गायब. ऐकायला सोपं, पण बाकीच्यांनी बोटभरही हलायचं नाही, नाहीतर झटका दिसतो. हाताने फिरवायचा कॅमेरा थांबताना नि सुरू होताना मंद चालतो, त्यामुळे फिल्मवरच्या तिथल्या चौकटी (फ्रेम) जास्त उजळतात. म्हणून तो तेवढा तुकडा कापून फिल्म पुन्हा चिकटवायचा. म्हणजे अर्धी जादू कात्रीची.

आपल्याकडे दादासाहेब फाळकेही आधी जादूचे प्रयोग करत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने (‘फाळके’ उलटं वाचा). त्यांच्या पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारांमागे ती तालीम आहे. देवाने चमत्कार केला तर ‘खरंच केला का’ असं प्रेक्षक विचारत नाही. हुडिनीला मात्र नेमका हाच प्रश्न विचारला जायला हवा होता.

रीळ:
पाहायचेच असतील तर ‘द ग्रिम गेम’पासून सुरुवात करा. बरीच वर्षं तो ब्रुकलिनमधल्या एका संग्राहकाकडे पडून होता. दुरुस्त केलेली प्रत २०१५ साली दाखवली गेली. ‘द मास्टर मिस्ट्री’ पूर्ण मिळत नाही, तिच्यातला यंत्रमानव तेवढा जरूर बघा. ‘हॉल्डेन’ शेवटी ठेवा; त्यात सुटकेचे प्रसंग फारच थोडे आहेत.