युद्धकाळातले रंगरूट : छावणीतला एक दिवस सांगा

लढायांच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर सांगितल्या जातात. कुठलं ठाणं कधी घेतलं, कुणाला कुठलं पदक मिळालं, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण गावातून निघालेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आणि मोर्च्यावर उभा असलेला जवान यांच्या मधे जी छावणी असते, तिच्याबद्दल घरातसुद्धा फारसं बोलणं होत नाही. माझे काका १९६५ च्या सप्टेंबरात रंगरूट, म्हणजे नवे भरती झालेले शिकाऊ जवान, होते. लढाईचं काय आठवतं असं विचारलं की म्हणायचे, "आंघोळीची वेळ निम्मी केली होती." आम्हा मुलांना ते उत्तर फारच किरकोळ वाटायचं. आता वाटतं, रंगरुटाला युद्ध असंच भेटत असणार. झोप कमी होते, सुट्टी रद्द होते, रोजचा उस्ताद (शिकवणारा हवालदार-नायक) एका सकाळी दिसत नाही.

म्हणून इथे शौर्यकथा नकोत. किती वाजता उठत होता, काय खात होता, कोण ओरडायचं आणि युद्ध सुरू झाल्यावर त्या दिवसात काय बदललं, तेवढं लिहा. स्वतःचं नसेल तर घरातल्या माणसाचं लिहा.

निवृत्त सुभेदार, खटाव तालुका, सातारा

बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, साल १९७१. कोल्हापूरच्या भरतीत उभा राहिलो, छाती भरली, धावणं निघालं. मिरजेला गाडी बदलून बेळगावात उतरलो तेव्हा धो-धो पाऊस होता. पहिल्या दिवशी केस गेले, काळी ट्रंक मिळाली आणि नंबर मिळाला. तो नंबर आज झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन.

पहाटे चारला बॅरकमधे दिवा लागायचा. बिस्तर घडी करायचा, दाढी करायची (मिसरूड न फुटलेल्यांनीसुद्धा), मग पेला घेऊन चहाच्या रांगेत उभं राहायचं. उजाडायच्या आत पीटी. मग नाश्ता, ड्रिल, हत्यारांचा क्लास, दुपारी फटीक म्हणजे गवत काढणं, चुना मारणं, लंगरात कांदे सोलणं. संध्याकाळी खेळ आणि रात्री गिनती म्हणजे हजेरी. लाइट इन्फंट्रीची चाल इतर पलटणींपेक्षा जलद असते. ती अंगात मुरेपर्यंत पिंढऱ्या दगड होतात. एकाची चूक झाली की रगडा सगळ्या सेक्शनला, चिखलात फ्रंट रोल. त्या वेळी राग यायचा. पण त्यामुळेच शेजारच्याचा पट्टा ढिला आहे का, बूट पुसलेत का, हे प्रत्येक जण न सांगता बघायला लागला.

बेळगावच्या पावसात ओजी ड्रेस, म्हणजे हिरवी वर्दी, काही वाळत नाही. रात्री ओली पँट अंथरुणाखाली पसरून वर झोपायचं. अंगाच्या उबेनं अर्धीमुर्धी वाळायची आणि इस्त्री केल्यासारखी घडीही पडायची. ही युक्ती आम्हाला आधीच्या बॅचच्या पोरांनी दिली, आम्ही नंतरच्यांना दिली.

रायफल साफ करणं हा तर रोजचा नेम. पुलथ्रूच्या, म्हणजे बॅरल साफ करायच्या दोरीच्या, फासात चिंदी अडकवायची, बॅरलमधून एका दमात ओढायची. मधे थांबलं तर चिंदी अडकते. मग बॅरल उजेडाकडे धरून आत बघायचं, आतली वळणं आरशासारखी चमकली पाहिजेत. आमचा उस्ताद करंगळीचं नख बॅरलच्या तोंडाशी धरायचा, नखावरून उजेड आत जातो, आणि दुसऱ्या टोकानं एक डोळा मिटून बघायचा. आत कुठं काळा ठिपका राहिला असेल तर त्याला तो दिसायचाच. "मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), सही ट्रिगर ऑपरेशन" हे तो इतक्या वेळा म्हणायचा की आम्ही बरळायचोही तेच.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी फॉल-इनला, रांगेत उभं राहिल्यावर. सुभेदार साहेबांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि पीटी नेहमीप्रमाणे झाली. दुपारपासून मात्र सगळं पालटलं. बॅरकच्या काचांना काळा कागद लागला. आजूबाजूला चर खणायचे हुकूम आले, हाताला फोड येईस्तोवर खणले. सुट्ट्या रद्द. रात्रीच्या पहाऱ्याला आम्हा कच्च्या पोरांनाही उभं केलं, एका जुन्या माणसाबरोबर. अंधारात "थम, कौन आता है?" असं ओरडताना आवाज फुटू नये एवढंच मनात असायचं. रेंजवर एरवी राऊंड (गोळ्या) मोजून मिळायचे, आता हात सैल झाला. आमच्या आधीच्या बॅचची कसम परेड, म्हणजे शिक्षण संपल्यावरची शपथ, अलीकडे ओढली आणि ती पोरं दोन दिवसांत गेली. त्यांच्या चारपायांवर नुसत्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

आणि आमचा उस्ताद त्याच्या पलटणीकडे परत गेला. जायच्या दिवशी त्यानं भाषण केलं नाही. शनिवारी पायांची तपासणी असायची, ती त्यानं त्या दिवशी वार नसताना घेतली. सगळ्यांना बूट-मोजे काढून बसवलं आणि एकेकाचा पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्या बघितल्या. ज्यांना चिखल्या झाल्या होत्या त्यांना पावडर दिली. इतके महिने ज्याच्या नुसत्या शिट्टीनं पोटात गोळा यायचा, तो माणूस आमच्या पायाशी उकिडवा बसला होता. आमच्यातला एक जण तिथंच रडायला लागला, तर त्याला म्हणाला, "रोता क्यूँ है, मोजा पहन."

जंगी पलटण, म्हणजे आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, पूर्व पाकिस्तानात जमालपूरला लढली. ११ डिसेंबरला तिथलं ठाणं पडल्याची बातमी आली तेव्हा सेंटरमधे "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" जे घुमलं, ते कान अजून विसरले नाहीत. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. माझी बॅच निघायच्या आत युद्ध संपलं होतं. लोक विचारतात, भीती वाटायची का? चार ते दहा इतकं काम असायचं की पाठ टेकली की झोप. भीती वाटायची ती रविवारी दुपारी, पत्र लिहायला बसलं की.

त्याच सालची एक बहीण, तासगाव

वरचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. माझा भाऊ तेव्हा छावणीतच होता. घरात वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे पोस्टमन आला की आई हातातलं टाकून माझ्यासमोर बसायची. त्याची पत्रं सगळी एकसारखी : मी खुशाल आहे, जेवण पोटभर आहे, म्हशीला काय झालं ते कळवा. नोव्हेंबरच्या शेवटी एक आंतर्देशीय आलं. मजकूर तोच, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बेळगाव नव्हतं. नुसतं "मार्फत ५६ ए.पी.ओ." आई विचारत होती, हे गाव कुठं आलं? मी शाळेतल्या गुरुजींकडे गेले. त्यांनी सांगितलं की फौजेत आघाडीकडे गेलेल्यांना गावाचं नाव लिहिता येत नाही, सगळी पत्रं त्या नंबरावर जातात. घरी येऊन मी आईला सांगितलं, मोठं शहर आहे, पंजाबात. भाऊ धडधाकट परत आला. पण ते पत्र हातात घेऊन गुरुजींच्या घरून आमच्या घरापर्यंतची वाट मी कशी चालले, ते मलाच माहीत.

निवृत्त प्राध्यापक, मुंबई

माझा अनुभव अधिकाऱ्यांच्या बाजूचा आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनचं आक्रमण झालं, २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. फौजेला अधिकारी हवे होते आणि तेही लवकर, म्हणून आणीबाणी कमिशन निघालं. पुण्यात आणि मद्रासला १९६३ मधे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडली. मी एम.एस्सी. अर्धवट सोडून पुण्याच्या स्कूलमधे दाखल झालो. बरोबर कारकून होते, शिक्षक होते, एक वकील होता. तिशीला टेकलेले दोघे-तिघे सकाळच्या धावण्यात मागे पडायचे आणि बावीस वर्षांची पोरं त्यांच्या पाठीवरचं ओझं वाटून घ्यायची. हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

जे शिकायला दीड-दोन वर्षं लागावीत ते सहा महिन्यांत शिकायचं होतं. दिवसभर मैदान, संध्याकाळी नकाशा, रात्री कंपास मार्च. पुण्याच्या भोवतालच्या डोंगरांत काळोखात बेअरिंग धरून चालायचं, पावलं मोजायची, आणि पहाटे ठरलेल्या झाडापाशी पोचायचं. शिकवणाऱ्यांमधे नेफातून (आताचं अरुणाचल) आलेले एक कॅप्टन होते. पाय हिमदंशानं अधू झाले होते. ते युद्धाबद्दल स्वतःहून कधी बोलले नाहीत. पण आमच्या किटची तपासणी करताना लोकरीचे मोजे दोन जोड्या आहेत का, हे ते प्रत्येकाला विचारायचे, ऐन एप्रिलच्या उन्हात. सुती कपड्यांवर आणि जुन्या .३०३ रायफलींवर आपल्या जवानांना त्या उंचीवर पाठवलं गेलं होतं. ही गोष्ट आम्हाला त्या मोज्यांवरून जितकी समजली तितकी कुठल्याही व्याख्यानातून समजली नाही. मला आजही त्याचा संताप येतो आणि तो यावाच असं वाटतं.

लोद, इस्रायल (मूळ रेवदंडा)

हिंदुस्थानी फौजेचं नाही, पण मराठी रंगरुटाचं आहे, म्हणून लिहितो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. १९६९ ला आईबापाबरोबर इकडे आलो. १९७३ च्या उन्हाळ्यात मला सक्तीच्या सेवेसाठी बोलावणं आलं आणि दक्षिणेच्या वाळवंटातल्या तळावर टाकलं. हिब्रू अजून तोडकीमोडकी होती. हुकूम कळला नाही तर शेजारच्याचं बघून वळायचो.

सप्टेंबरच्या शेवटी आमचं नवीन वर्ष, रोश हशाना. आईनं गव्हाच्या चिकाचा हलवा करून कुणाबरोबर तरी पाठवला. कोकणातला तो हलवा बॅरकमधल्या मोरोक्कोच्या, रुमानियाच्या पोरांनी बोटं चाटून खाल्ला. नवीन वर्षाच्या दहाव्या दिवशी योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, ६ ऑक्टोबर, शनिवार. बहुतेकांचा कडक उपास. दुपारी दोनच्या सुमारास भोंगे वाजले, इजिप्त आणि सीरियाचा हल्ला सुरू झाला होता. कमांडर धावत आला आणि म्हणाला, उपास सोडा, पाणी प्या. धार्मिक घरातली पोरं पाण्याची बाटली हातात धरून नुसती उभी राहिली. त्यानं स्वतः सगळ्यांसमोर पाणी प्यालं, तेव्हा ती प्यायली.

आम्हाला लढायला नेलं नाही, आम्ही कच्चे होतो. दिवसरात्र मॅगझिन भरली, पेट्या उचलल्या, तोफगोळे ट्रकवर चढवले. राखीव सैनिक घरच्या कपड्यांत यायचे, गणवेश चढवून पुढच्या ट्रकमधे बसायचे. त्यातला एखादा आमच्या हातून पेटी घेताना "किती दिवस झाले रे भरती होऊन?" असं विचारायचा. उत्तर ऐकलं की खांद्यावर हात ठेवायचा आणि जायचा. फौजी टपालाच्या कार्डावर मी आईला मराठीतच लिहिलं, तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. "बरा आहे, पेट्या उचलतो, हलवा संपला." तिनं ते कार्ड मरेपर्यंत सांभाळलं, आता माझ्या मुलीकडे आहे. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

तोफखान्यातला, नाशिक रोड सेंटर, १९९९

आमच्या वेळी टीव्ही होता, हाच मोठा फरक. मे महिन्यात कारगिल सुरू झालं तेव्हा आमचं बेसिक संपून ट्रेडचं शिक्षण चालू होतं. मी गनर. रोज रात्री बातम्यांत तोफा दिसायच्या आणि सकाळी आम्ही देवळालीच्या बाजूला त्याच तोफांचं ड्रिल करायचो. तोफेवर प्रत्येकाला नंबर असतो आणि नंबराप्रमाणे काम. गोळा आणणारा वेगळा, भरणारा वेगळा, शिस्त म्हणजे नेम लावणारा वेगळा. १५५ मिमीचा गोळा चाळीस किलोंच्या वर जातो. तो कडेवरच्या पोरासारखा छातीशी धरून पळायचं. जूनमधे उस्तादांनी एक नवीन गोष्ट सुरू केली : प्रत्येकानं प्रत्येक नंबराचं काम करायचं. कारण सांगितलं नाही. ज्याला समजायचं त्याला समजलं.

रविवारी एसटीडी बूथसमोर रांग लागायची. घरच्यांनी टीव्ही बघितलेला, त्यामुळे फोन उचलल्या उचलल्या रडणं. तीन मिनिटांतली दोन त्यातच जायची. आम्ही ठरवून टाकलं होतं, आधी आपणच घाईघाईनं बोलायचं : जेवलो, ठीक आहे, अजून नाशिकलाच आहे.

नागपूरहून, आजोबांबद्दल

आजोबा १९४२ चे, दुसऱ्या महायुद्धातले. महार पलटण. महारांची भरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली होती, पहिल्या महायुद्धात उघडली आणि युद्ध संपल्यावर ती पलटण पुन्हा मोडली. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, पुढच्या वर्षी कामठीला दुसरी. आजोबा कामठीचे.

आजोबा सांगायचे, सुरुवातीला रायफली पुरत नव्हत्या, लाकडी बंदुका घेऊन कवायत केली. पण बोलता बोलता गाडी नेहमी बुटांवर यायची. गावात पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना त्यांचे वडील पायातली वहाण काढून हातात घेत. छावणीत मात्र बूट काढला तर शिक्षा होती. टाचा सोलवटल्या, रक्त आलं, तरी रात्री कुणी ते बूट चारपायीखाली ठेवायला तयार नव्हतं, सगळ्यांनी उशाशी घेतले. टोपीवर कोरेगावच्या स्तंभाचा बिल्ला होता. सुट्टीवर आले तेव्हा संपूर्ण वर्दीत त्या वाड्यासमोरून चालत गेले. हे सांगताना आजोबा खुर्चीत ताठ व्हायचे.

त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक, ओलीनं खराब झालंय, तारखा लागत नाहीत. नंबर तेवढा वाचता येतो. काही करता येईल का?

निवृत्त सुभेदार, खटाव तालुका

नागपूरच्या ताई, नंबर आहे ना, मग निम्मं काम झालं. महार रेजिमेंटचं सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे. नंबर, पूर्ण नाव, गाव, भरतीचं अंदाजे साल आणि तुमचं नातं लिहून अर्ज करा. पेन्शनचा कुठलाही कागद सापडला तर त्याची झेरॉक्स जोडा. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊन या, तिथं अर्ज कसा लिहायचा ते दाखवतात आणि पुढंही पाठवतात. एवढ्या जुन्या नोंदींना वेळ लागतो, पाठपुरावा सोडू नका. आणि ते बुक उन्हात वाळवू नका, पानं चिकटतात. पानांमधे साधा कोरा कागद घालून सावलीत ठेवा.