मदत हवी आहे: शाळेतल्या पेटीत येणाऱ्या चिठ्ठ्यांना उत्तर कुणी द्यायचं?

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवते. गावाचं, शाळेचं नाव देत नाही. खाली चिठ्ठ्यांतले जे शब्द दिलेत, त्यांत ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. इथे समुपदेशक आहेत, शिक्षक आहेत, वसतिगृहं सांभाळणारे आहेत, म्हणून लिहितेय. जरा लांबेल.

आमच्याकडे दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. लहान पोरं बरोबर जातात, नववी-दहावीची आजीआजोबांजवळ मागे राहतात. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे आईबाप फडात असतानाच. पहिल्या पेपरच्या सकाळी हातावर दही ठेवायला घरात आई नसते. मुलगी असेल तर पहाटेच्या भाकरी, पाणी, शेळ्या, आजीच्या गोळ्या, धाकट्याचं दप्तर, आणि हे सगळं उरकून मग तिची शाळा. ती वर्गात पेंगते. आम्ही वर्षानुवर्षं त्याला ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणत आलो. प्रगतिपुस्तकात तो शेरा मीही लिहिलेला आहे.

तक्रारपेटी शाळेत होतीच. तिच्यात वर्षाकाठी एखादी चिठ्ठी यायची, तीही नळाबद्दल. या जुलैत आम्ही जिन्याखाली दुसरी पेटी लावली. मुलांनीच तिचं नाव ठेवलं ‘मनातलं’. वर लिहिलं: ‘नाव लिहू नका. कुणी लिहिलं ते आम्ही शोधणार नाही.’ दर शुक्रवारी मी पेटी उघडते आणि सोमवारी भित्तिपत्रकावर उत्तर लावते. चिठ्ठी जशीच्या तशी छापत नाही, तिच्यातला प्रश्न माझ्या शब्दांत मांडते. दिवाळीपर्यंत आठवड्याला पाच-सहा चिठ्ठ्या यायच्या: गणिताची भीती, मैत्रिणीचा अबोला, कुणी वर्णावरून चिडवणं. टोळ्या गेल्या आणि चिठ्ठ्यांचा सूरच बदलला.

‘मम्मीचा फोन रात्री येतो. ती इतकी दमलेली असते की मी सगळं चांगलंय म्हणते.’

‘मार्क पडले तर शिकवतील, नाही पडले तर मे महिन्यात लग्न.’

‘पप्पा म्हणतात, पुढच्या साली तूपण चल तोडीला.’

जानेवारीतल्या एका शुक्रवारी वहीच्या पानाचा चतकोर आला. त्यावर एकच ओळ होती: ‘मी नसले तर आजीला एका माणसाचा स्वयंपाक कमी होईल.’

मी रोज या मुलांच्या वह्या तपासते. त्यांचं अक्षर मला झोपेतही ओळखू येईल. ही ओळ कुणाची आहे ते वाचता क्षणीच कळलं. ‘आम्ही शोधणार नाही’ असं लिहून दिलेली मी, ती चिठ्ठी हातात घेऊन स्टाफरूममध्ये बसले होते. शेवटी शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर तिच्या वस्तीपर्यंत चालत गेले. वाटेत थांबून सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का ग?” असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेलं भरतं, हा समज चुकीचा आहे, एवढं मला वाचून माहीत होतं, पण विचारताना घशाला कोरड पडली. ती बराच वेळ रडली. मग माझ्या फोनवरून आम्ही १४४१६ ला, म्हणजे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला. हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ती पाऊण तास बोलली. त्या रात्री आजीला विश्वासात घेऊन मी तिच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी आईला फोन केला, आणि आई आठ दिवसांसाठी येऊन गेली. पुढे जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. आता ती बरी आहे, परीक्षेला बसतेय.

पण चार दिवसांनी ती मला म्हणाली, “मॅडम, तुम्ही शोधणार नव्हता ना?” रागाने नाही, नुसतं विचारलं. तेव्हापासून मी अडकलेय.

पहिली अडचण ही की पेटी उघडणारी व्यक्ती मीच असावी का. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेने केलेला ‘सेहेर’ नावाचा अभ्यास वाचला. २०१८ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सत्तरवर सरकारी शाळा घेतल्या होत्या. काही शाळांत प्रशिक्षण दिलेली बाहेरची साधी माणसं नेमली, काही शाळांत तेच काम शिक्षकांना दिलं. कामही आमच्यासारखंच: पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणं. बाहेरची माणसं होती तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, नैराश्याची लक्षणं उतरली. शिक्षकांनी चालवलं तिथे काही खास फरक पडला नाही. हे वाचून वाईट वाटलं, पण खोटं वाटलं नाही. जिच्या हातात अंतर्गत गुण आहेत, जी वर्गात सगळ्यांसमोर ओरडते, तिला मूल किती सांगेल? शिवाय दहावीचा वर्ग, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, यातून चिठ्ठीवाल्या मुलासाठी माझ्याकडे वेळ उरतो तो मधल्या सुट्टीचा.

म्हणून मनात येतंय की गावातलीच पदवी झालेली, सासरी न गेलेली किंवा माहेरी परतलेली एखादी ताई या कामासाठी तयार करावी. तिला शिकवणार कोण, आणि मानधन कुठून द्यायचं? कुणी असं केलंय का? गावातलीच असल्यामुळे मुलं उलट बोलायची थांबतात का?

दुसरी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सगळ्या शिक्षणसंस्थांना निर्देश दिले आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा तरी प्रशिक्षण द्यायचं. आमचा पट अडीचशेच्या आसपास आहे. संस्थेला पत्र दिलं, ‘बघू’ असं उत्तर मिळालं. ग्रामीण भागातल्या कुठल्या शाळेत हे खरंच उभं राहिलं असेल तर कसं, ते सांगा. दोन-तीन शाळांनी मिळून एक समुपदेशक ठेवता येतो का?

भर (वरच्या प्रतिसादांनंतर):

काहींनी ‘मैत्री’ क्लिनिकबद्दल, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या क्लिनिकबद्दल, विचारलंय. जवळच्या रुग्णालयात त्याची पाटी आहे, तिथल्या समुपदेशक बाई चांगल्या आहेत. पण ओपीडीच्या रांगेत अर्धं गाव बसलेलं असतं, त्यामुळे मुली जात नाहीत. त्याच बाईंना महिन्यातून एकदा शाळेत बोलावण्याची सूचना आवडली, सोमवारीच जाऊन बोलते.

लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, हे मला माहीत आहे. ठरलेल्या बालविवाहाची कुणकुण लागली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: ‘मला हे पुढे कळवावं लागेल’ ही गोष्ट मुलाला त्याने बोलायच्या आधी सांगायची की बोलल्यावर? आधी सांगितलं तर ते तोंडच उघडणार नाही अशी भीती वाटते. नंतर सांगितलं तर जिन्याखालच्या पाटीसारखंच होतं.

आणि ज्यांनी ‘पेटी बंद करा, अंगाशी येईल’ असं लिहिलंय त्यांची काळजी समजते. पण ती ओळ लिहायला त्या मुलीला दुसरी जागा नव्हती. पेटी राहील.

जुनी पाटी मी काढून टाकली आहे. येत्या शुक्रवारच्या आत नवी लावायची आहे. मजकूर असा केलाय:

‘इथे मनातलं लिहा. नाव लिहिलं नाही तरी चालेल. चिठ्ठी फक्त एकच व्यक्ती वाचेल. तुझ्या जिवाला धोका आहे किंवा तुला कुणी त्रास देतंय असं वाटलं, तर मात्र आम्ही तुला शोधू, आधी तुझ्याशी बोलू आणि मग मदत आणू. आत्ताच बोलायचं असेल तर १४४१६.’

पंधरा वर्षांच्या मुलाच्या नजरेने हा वाचा आणि कुठला शब्द खटकतो ते सांगा. ‘शोधू’ हा शब्द मला स्वतःला नीट वाटत नाहीये, पण दुसरा सुचलेला नाही.