छोट्या थापांनी माणूस निर्ढावतो का?

परळकरीण
लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या टाली शॅरोट वगैरे मंडळींचा २०१६ चा प्रयोग वाचला. नाण्यांनी भरलेल्या बरणीचा फोटो बघायचा आणि आत किती पैसे असतील ते जोडीदाराला कळवायचं. काही फेऱ्यांत आकडा फुगवला की फुगवणाऱ्याचा फायदा, अशी मेख. लोकांनी आधी थोडंसंच फेकलं, मग आकडे चढत गेले. मेंदूतला अमिग्डाला हा भावनांशी संबंधित भाग सुरुवातीच्या थापांना जेवढा चाळवला, तेवढा पुढच्या थापांना चाळवेना. निर्ढावणं यालाच म्हणतात ना? म्हणून म्हणते, छोट्या थापांना सूट देणं बंद करा. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून "घाटकोपर गेलं, पोचतोच" म्हणणारा उद्या ऑफिसात टॅक्सीचं बिलही फुगवेल.

खोपोली_फास्ट
ताई, प्लॅटफॉर्मवरून थेट बिलावर? त्याच प्रयोगात असंही दिसलं की फायदा समोरच्याचा आणि तोटा स्वतःचा असेल, तर खोटं वाढत गेलं नाही. म्हणजे चटक लागते ती फायद्याची. "पोचतोच" हे साहेबांचा बीपी वाढू नये म्हणून म्हणतात.

परळकरीण
साहेबांचा बीपी, की तुमचा लेट मार्क?

कालिना_कट्टा
दोघंही मेंदूच्या स्कॅनवर फार विसंबताय. अमिग्डाला भीतीने चाळवतो, नवं काही दिसलं तरी चाळवतो, बक्षिसाच्या आशेनेही. तो थंडावला म्हणजे शरमच गेली, हे कशावरून? आणि मेंदू वाचून खोटं पकडायच्या या उत्साहाचं आपल्याकडे काय झालं तेही आठवा. ब्रेन मॅपिंग म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी, डोळे मिटलेले, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवली जाणार, आरोपीने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आणि यंत्र सांगणार की ही 'अनुभवाची आठवण' आहे. २००८ साली पुण्याच्या कोर्टाने एका खून खटल्यात शिक्षा देताना हा पुरावा धरला होता. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सेल्वी खटल्यात नार्को (गुंगीचं औषध देऊन चौकशी), पॉलिग्राफ (नाडी-श्वासावरून खोटं पकडणं) आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करायला बंदी घातली तेव्हा कुठे लगाम बसला. थाप पकडणारं यंत्रच थापाड्या निघालं तर दाद कुणाकडे मागायची?

सुकटप्रेमी
मी अंधेरीत भाड्याने राहते. एजंटने आधीच पढवलं होतं, "काकूंनी विचारलं तर व्हेज म्हणा." म्हटलं. आता बोंबील तळायचे तर मावशीकडे जाऊन. तिने दिलेला सुकटीचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळून आणते, तरी लिफ्टमध्ये काकू भेटल्या की छातीत धडधडतं, अगदी पहिल्या दिवसासारखं. निर्ढावले असते तर बरंच झालं असतं.

परळकरीण
ती धडधड पकडलं जाण्याची हो. आणि तुम्हाला मी दोष देतच नाहीये, खाण्यावरून घर नाकारणाऱ्यांना देते. माझा रोख त्या एजंटवर आहे. त्याची धडधड कधीच थांबली असणार.

एजंट_बोलतोय
हजर आहे. "स्टेशनपासून पाच मिनिटं, रिक्षाने" असंच म्हणतो मी. 'रिक्षाने' जरा हळू म्हणतो, एवढंच. खरं बोललो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, मग दोष माझ्या मेंदूचा की धंद्याचा? आधी नवीन फ्लॅट सुपर बिल्टअपवर विकले जायचे, कागदावरची अर्धी जागा जिन्यात आणि लॉबीत. २०१७ ला महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण आलं, कार्पेट एरिया म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा सांगणं सक्तीचं झालं आणि ती फेकाफेक बरीच कमी झाली. मेंदू तेच आहेत सगळ्यांचे.

खोपोली_फास्ट
हे पटलं. नियम बदला, माणूस आपोआप सरळ.

परळकरीण
सगळेच नाहीत हो तसे. हार्वर्डच्या जोशुआ ग्रीन यांच्या २००९ च्या प्रयोगात नाणेफेकीचा अंदाज बरोबर आला की पैसे, आणि बरोबर आला की नाही ते ज्याचं त्याने सांगायचं. लबाडीची पुरेपूर मुभा. तरी काही जण सरळ वागले, आणि स्वतःला आवरायला त्यांच्या मेंदूला जादा जोरही लावावा लागला नाही. तिथे कुठला महारेरा होता? आणि एजंटदादा, कार्पेट सुटलं तर सुटलं, पण जाहिरातीत 'स्टेशन' लिहिता ते कुठलं?

एजंट_बोलतोय
मेट्रोचं. 'प्रस्तावित' लिहिलंय ना खाली, बारीक अक्षरात.