शाळेचा पहिला आठवडा कोणाच्या सोयीचा?

ओसरी (शिक्षक, बीड जिल्हा)
"उन्हाळी सुटीनंतर पहिला आठवडा गाणी-गोष्टींचा असावा, पुस्तक उघडूच नये, मुलांनाही रुळायला वेळ हवा आणि शिक्षकांनाही," हे ठाण्याच्या एका पालकांचे मत वाचून राहवले नाही. माझ्या वर्गातील निम्मी मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, परततात. तुमच्या मुलीचा अभ्यास दीड महिना थांबतो, तेव्हा या मुलांचा सात-आठ महिने थांबलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस शाळा ठरवली आहे. ज्यांच्या वाट्याला त्यातले निम्मेही येत नाहीत, त्यांचे आणखी सहा दिवस मी खर्ची घालणार नाही. पुस्तके वाटून झाली की मी त्याच दिवशी पहिला धडा घेतो.

पाटीपेन्सिल (शिक्षिका, वर्धा)
सर, तुमची कळकळ खरी आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. इतक्या महिन्यांनी आलेल्या मुलापुढे थेट वरच्या इयत्तेचा धडा ठेवला, तर आपण मागे राहिलो हे त्याला पहिल्याच तासाला कळते. माझ्याकडे चौथीतला एक मुलगा पोट दुखते म्हणून तीन दिवस व्हरांड्यात बसून राहिला. मी त्याच्या हाती दुसरीचे पुस्तक दिले, ते त्याला वाचता आले, आणि त्यानंतर त्याने पोटाचे नाव काढले नाही. आमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात (2025 मध्ये इतरत्र 16 जूनला, विदर्भात 23 जूनला). म्हणून आमचे दिवस कमी आहेत, तरीही मी पहिला आठवडा मुलांची पातळी पाहण्यातच घालवते.

गल्ला (बँक कर्मचारी, नाशिक)
मुलांचे समजले, पण शिक्षकांना कशासाठी रुळायचे आहे? मी चार दिवस गावी जाऊन आलो की पाचव्या दिवशी दहाच्या ठोक्याला काउंटरवर असतो, आणि रांगेतले कोणीही मला रुळायला वेळ देत नाही. दीड महिना पगारी सुटी मिळालेल्यांनी थकव्याची भाषा करू नये.

ओसरी
माहिती नसताना असे बोलू नका. आमचा विभाग दीर्घ सुटीचा आहे. ज्या वर्षी संपूर्ण सुटी उपभोगतो, त्या वर्षी 1981 च्या रजा नियमांनुसार आमच्या खाती अर्जित रजा जमा होत नाही. मुलीच्या लग्नाला मला पुरेशी रजा मिळाली नव्हती, हे मी अजून विसरलेलो नाही. आणि सुटी तरी कोणती? 13 मे 2024 रोजी आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते. त्याआधी प्रशिक्षणे झाली, आदल्या रात्री केंद्रावरच मुक्काम झाला आणि यंत्रे जमा करून घरी पोहोचायला दुसरी पहाट उजाडली.

गल्ला
निवडणुकीचे काम आम्हा बँकवाल्यांनाही लागते, त्यामुळे ते कौतुक मला सांगू नका. अर्जित रजेचे मात्र मला ठाऊक नव्हते, आणि तेवढ्यापुरते माझे विधान मी मागे घेतो. दीड महिना सलग घरी राहता येणे ही लहान गोष्ट नव्हे, हे तुम्हीही मान्य करा.

पाटीपेन्सिल
रजेचा हिशेब पुरे झाला. ओसरी सर, पहिला धडा घेता तेव्हा ऊसतोडीहून आलेल्या मुलांपैकी किती जणांना तो वाचता येतो, एवढेच सांगा.

ओसरी
यंदा नऊपैकी तिघांना. ताई, गाणी-गोष्टींचा आठवडा मी घेणार नाही, यावर मी ठाम आहे. परंतु पुढच्या जूनमध्ये पहिले दोन दिवस प्रत्येकाला जवळ बसवून वाचून घेईन, आणि ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी खालच्या इयत्तेची पुस्तके आताच राखून ठेवतो. तिसऱ्या दिवशी मात्र धडा सुरू होईल.

पाटीपेन्सिल
दोन दिवस पुरणार नाहीत. निदान चार तरी द्या.