दावा सांगलीतही लावता येतो
सांगलीच्या ट्रकचालकाचा पाय मोडलाय; अपघात सातारा जिल्ह्यातल्या खंबाटकी घाटातला, म्हणून नुकसानभरपाईचा दावा साताऱ्यालाच लावावा लागेल असं काहींचं म्हणणं आहे. तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार अर्जदार सांगलीत राहत असेल तर सांगलीच्या न्यायाधिकरणातही (अपघात भरपाईचे दावे ऐकणारं कोर्ट) चालतो. मुदत मात्र अपघातापासून ६ महिने, तेव्हा 'आधी प्लास्टर निघू दे' म्हणत थांबू नका. वकिलांकडे एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिलं द्या (झेरॉक्सवर विमा कंपनीचा वकील हमखास बोट ठेवतो).

खरी गोम अपंगत्वाच्या दाखल्यात. त्यावर समजा ४० टक्के लिहिले, तर ते बहुधा फक्त पायाचे असतात, सगळ्या शरीराचे नाहीत. कोर्ट बघतं कमाई किती बुडाली. ट्रकचालकाचा गुडघाच वाकत नसेल तर ते नुकसान बरंच वर जातं, पण त्यासाठी डॉक्टरांची साक्ष हवी.